मंडळ असू द्या, पण समोर कोण बसलंय?

गेले काही महिने आपल्या सोलापुरात लिहिणाऱ्यांच्या बैठकीत एकच वाद घुमतोय, आणि दोन्ही बाजू तो इतक्या वाईट लढवतायत की मध्ये तोंड घातल्याशिवाय राहवत नाही. एक बाजू म्हणते, पेठेपेठेला काव्यमंडळ झालं, मोबाईलवर कवींचे गट झाले, ज्याला मात्रा मोजता येत नाहीत तो अध्यक्ष झाला. खरा कवी एकटाच असतो, तेव्हा ही दुकानं एकदाची बंद करा. दुसरी बाजू म्हणते, दिवसभर राबून रात्री कुणी चार ओळी लिहीत असेल तर तुमच्या पोटात का दुखतं? लिहू द्या, वाचू द्या, शाल घेऊ द्या. पहिल्यांना साहित्याची काळजी आहे, दुसऱ्यांना माणसांची. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. भांडण मात्र सगळं लिहिणाऱ्याभोवतीच फिरतंय. समोर कोण बसतं, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कवीला, कथाकाराला मंडळ लागतंच. त्याशिवाय कुणाचं भागलेलं नाही. आजची आपली बहुतेक मंडळं बिघडली आहेत हेही खरं, आणि त्याचं कारण कवी जास्त झाले हे नाही. स्वतः न लिहिणारा आणि न पटलं तर तोंडावर सांगणारा माणूस तिथून उठून गेलाय, हे आहे.

रविवारचं एखादं कविसंमेलन आठवून बघा. पत्रिकेवर निमंत्रित कवी चाळीस. वेळ सकाळी दहाची, सुरुवात पावणेबाराला, कारण उद्घाटक दुसऱ्या एका उद्घाटनात अडकलेले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार. पहिला कवी उभा राहतो तेव्हा मागे जेवणाच्या भांड्यांचा आवाज सुरू झालेला असतो. टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा, नावाची जागा कोरी. संयोजकांपैकी एक ताई यादी बघत स्केचपेनने नावं भरतायत. खुर्च्यांत कोण? ज्याची पाळी यायचीय तो मोबाईलची काच वर-खाली सरकवत स्वतःची कविता शोधतोय. ज्याची होऊन गेली तो फोटो कुणी काढला ते विचारत फिरतोय. दुपारचं जेवण झालं की लांबच्या तालुक्यांतले एसटी गाठायला निघतात. अडतिसावा कवी वाचायला उभा राहतो तेव्हा समोर उरतात एकोणचाळिसावा, चाळिसावा आणि माईकवाला. माईकवाला मात्र शेवटपर्यंत ऐकतो, त्याला वायर गुंडाळायची असते. या चाळिसांत दोन-तीन कविता खरोखर चांगल्या असतात, माझं दुखणं तेच आहे. चांगलीला जेवढी टाळी तेवढीच टाकाऊला, आणि चांगली लिहिणारा पोरगा घरी जातो तो आपलं नेमकं काय जमलं हे न कळताच. ही भिशी आहे. या महिन्यात माझी टाळी तुला, पुढच्या महिन्यात तुझी मला. भांडवल तेवढंच, फिरतं आपलं.

मग एकटेपणावाले बरोबर आहेत का? त्यांची बाजू कच्ची नाही. ओळ सुचते ती एकट्यालाच. ती खोडायचं धाडसही एकट्यालाच करावं लागतं. केशवसुतांचं (1866–1905) उदाहरण ते हमखास देतात: मास्तरकी करत गावं बदलत राहिले, हयातीत एक संग्रह निघाला नाही, तरी मराठी कविता त्यांच्यापासून बदलली. ठीक. पण त्या कविता गेल्या कुठे? जळगावात नारायण नरसिंह फडणीस नावाचा माणूस 1887 पासून ‘काव्यरत्नावली’ हे निव्वळ कवितेला वाहिलेलं मासिक चालवत होता. एकटा म्हणवणारा कवी पोस्टात पाकीट टाकत होता, आणि पलीकडे ते उघडणारा, निवडणारा, परत पाठवण्याचा अधिकार असलेला संपादक बसला होता. हेसुद्धा मंडळच, फक्त सतरंजी अंथरलेली नव्हती.

आपल्या गावचं उदाहरण तर त्याहून बोलकं. मारुती चितमपल्ली 1932 साली सोलापुरात जन्मले, घरची भाषा तेलुगू, आणि 2025 च्या जूनमध्ये सोलापुरातच गेले. मधली सारी उमेद त्यांनी वनखात्याच्या नोकरीत जंगलात घालवली. साहित्यवर्तुळापासून त्यांच्याइतका लांब राहिलेला दुसरा लेखक दाखवा. तरी 2006 साली आपल्याच गावात 79 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. हा एकांताचा विजय मानायचा का? त्यांचं लेखन उघडा आणि त्यात किती माणसं आहेत ती मोजा. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार आहेत, वनमजूर आहेत, वाटाडे आहेत, पारधी आहेत, आदिवासी म्हातारे आहेत. पक्ष्याचं, झाडाचं नाव चुकलं तर जागेवर दुरुस्त करणारी ही माणसं होती. त्यांना चितमपल्लींच्या शैलीशी काही देणंघेणं नव्हतं. रानातल्या खऱ्याशी होतं. लेखकाला मिळालेलं याहून चांगलं मंडळ मला माहीत नाही, आणि त्यात लेखक एकच होता.

खरं तर सोलापूरकरांना हे सांगायलाच नको होतं. पेशवाईच्या शेवटच्या काळातला आपला राम जोशी घ्या. घर पुराणिक-कीर्तनकारांचं, थोरला भाऊ मुद्गल जोशी नावाजलेला, आणि धाकट्याचे पाय वळायचे धोंडी शाहिराच्या फडाकडे. भावाने घराबाहेर काढलं. मग पंढरपुरी बाबा पाध्यांकडे संस्कृत शिकून आला, कीर्तनंही केली, मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या तोंडी रुळवण्यात त्याचा मोठा हात. आणि लावणी लिहिली ती संस्कृत पेलणारी, तरी फडावर रंगणारी. एका बाजूला चूक पकडायला बसलेले शास्त्री, दुसऱ्या बाजूला कंटाळा आला की शिट्टी मारून उठणारी बैठक. आणि तिसरं म्हणजे कलगी-तुऱ्याची ती सगळी दुनिया, जिथे समोरचा शाहीर तुमच्या सवालाला तिथल्या तिथे जवाब देऊन तुम्हाला गप्प करू शकायचा. प्रतिस्पर्धी ही कवीच्या वाट्याला येणारी केवढी मोठी देणगी आहे! आजच्या कविसंमेलनात सगळं असतं, प्रतिस्पर्धी तेवढा नसतो. असतो तो ‘मित्रवर्य’.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तिचा मुद्दा मला जास्त अडवतो. त्या बाजूचं म्हणणं असं: ‘नाही’ म्हणायचा हक्क आजवर कुणाच्या हातात होता? मंगळवेढ्याच्या चोखोबाला देवळाच्या पायरीपाशी थांबवलं ते ‘नाही’ म्हणूनच. बाईने लिहिलं तर ‘घरगुती’, खेड्यातल्याने लिहिलं तर ‘अशुद्ध’, बोलीत लिहिलं तर ‘ग्रामीण’ असा शिक्का मारून बाजूला सारणारे समीक्षकच होते ना? ज्या विडी वळणाऱ्या बाईला, ज्या शेतकऱ्याच्या पोराला पन्नास वर्षांपूर्वी कुणी माईकजवळ फिरकू दिलं नसतं, त्यांना आज एका मंडळाने तीन मिनिटं दिली, तर लगेच तुम्हाला दर्जा आठवला? सोपी टाळी मिळायची पाळी आत्ता कुठे त्यांची आलीय, आणि आत्ताच तुम्ही कडक परीक्षा काढताय?

हे खोडून काढणं सोपं नाही, आणि जे लोक ते हसण्यावारी नेतात त्यांनी या वादात पडू नये. पण यात एक गृहीत दडलंय, ते मला मान्य नाही: दार उघडं ठेवायचं तर आत कुणी कुणाला काही विचारायचं नाही. हे कुणी ठरवलं? उलट उदाहरण तर आपल्या ग्रामदैवताचंच आहे. सिद्धरामेश्वर म्हटलं की आपल्याला गड्डा, नंदीध्वज आणि तलाव आठवतो. ते बाराव्या शतकातले कन्नड वचनकार, म्हणजे छोटी भक्तिपर गद्यकाव्यं रचणारे कवी होते, ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या नाममुद्रेची वचनं त्यांची, हे मराठी सोलापूरकर सहसा विसरतो. सोन्नलगीत, म्हणजे जुन्या सोलापुरात, ते तळं खोदवत होते, देवळं उभारत होते. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या वचनकारांच्या संवादांच्या ग्रंथात कथा येते की ज्येष्ठ वचनकार अल्लमप्रभू तिथे आले आणि एवढ्या मोठ्या लोककार्याची भर कामावर येऊन खिल्ली उडवली, कुठाय तुमचा तो दगड-माती वाहणारा वड्डर राम, असं विचारलं. शिष्य खवळले, दगड उचलले. सिद्धराम आधी संतापले, मग ऐकून घेतलं, आणि त्याच टीकाकाराबरोबर कल्याणला वचनकारांच्या सभेत, अनुभवमंटपात गेले. परंपरा सांगते की पुढे तिथलं शून्यपीठही, म्हणजे सभेचं अध्यक्षस्थानही, त्यांनी भूषवलं.

त्या मंटपात कोण बसायचं? नावाडी अंबिगर चौडय्या, मोळी विकणारा मोळिगे मारय्या, सांडलेले तांदूळ वेचणारी आय्दक्की लक्कम्मा. आजच्या आपल्या कुठल्याही मंडळापेक्षा दार मोठं होतं. आणि आतली चौकशी? तीही कुठल्याही विद्यापीठापेक्षा कडक. वचनकार अक्कमहादेवी आली तेव्हा तिलासुद्धा अल्लमप्रभूंच्या प्रश्नांना उत्तरं देतच आत यावं लागलं. लक्कम्माने तर स्वतःच्या नवऱ्याला, रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ का आणलेस, जाऊन परत टाकून ये, असं सुनावलं. ही कथा-परंपरा आहे, इतिवृत्त नाही, हे मला कळतं. पण एखादा समाज कुठल्या कथा जपून ठेवतो यावरून त्याला काय हवं होतं ते दिसतं. ज्यांना शतकानुशतकं बाहेर ठेवलं त्यांनीच उभारलेल्या सभेने प्रश्न विचारणं सोडलं नाही. मग विडी वळणाऱ्या बाईची कविता ऐकून ‘वा, किती छान, या वयात!’ म्हणणारे आपण तिचा मान ठेवतोय की तिला लहान मूल समजतोय? तिला फक्त टाळी देणं, हाही एक उंबरठाच आहे. तिच्या दुसऱ्या कडव्यावर कुणी हुज्जत घातली, तर ती आत आली असं मी म्हणेन.

परीक्षा घ्यायला पदवी लागते, हाही एक गोड गैरसमज. बार्शीचे अमर शेख, म्हणजे मेहबूब हुसेन पटेल, गिरणीत राबले, संपात तुरुंगात गेले, आणि 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांचा श्रोता कोण? पाळी संपवून आलेला कामगार. पाय दुखतायत, पोटात भूक, उद्या पहाटे पुन्हा भोंगा. असा माणूस पहिल्या दोन ओळींत धरला नाही तर तो चालायला लागतो. त्याला प्रमाणपत्राची लालूच नसते आणि कवीचं मन राखायची सक्तीही नसते. त्या आवाजाची ताकद अर्धी अमर शेखांच्या छातीतली आणि अर्धी त्या श्रोत्याच्या थकव्यातली, असं मला वाटतं. कुणी म्हणेल, कलापथकाला पक्षाची चौकट होती, तिथेही न बोलता पाळायचे नियम होतेच. होते. कुठलंही मंडळ आपल्या माणसाला थोडं वाकवतंच, त्याची किंमत मोजावी लागते. पण वाकवणारं मंडळ आणि सगळं चालवून घेणारं मंडळ यांतून निवडायचं झालं तर मी वाकवणारं घेईन. त्याच्याशी निदान भांडता येतं.

हेच साहित्याच्या चौकटीतल्या मंडळींनाही लागू आहे. 1923 चं पुण्याचं रविकिरण मंडळ म्हणजे एकमेकांची पाठ थोपटणारा कंपू, असा आरोप त्या काळीही झाला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. पण त्यांच्या नशिबाने बाहेर अत्रे होते. ‘झेंडूची फुलें’ 1925 साली आली आणि कवींच्या लकबींची जी काही धिंड निघाली ती सगळ्या महाराष्ट्राने वाचली. विडंबन करायला आधी कविता नीट वाचावी लागते, आणि ते कळायला वाचकालाही मूळ कविता ठाऊक असावी लागते. आज आपल्या शहरातल्या कुठल्या कवीचं विडंबन होऊ शकेल? कुणाची ओळ इतकी लोकांच्या कानात आहे? मंडळाला बाहेरून चिमटा काढणारा कुणी नाही, ही त्या मंडळाच्या प्रकृतीची वाईट खूण आहे.

कथाकाराचं तर आणखी स्पष्ट आहे. अकलूजला जन्मलेले द. मा. मिरासदार, जोडीला शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर, यांनी गावोगाव कथाकथनं केली. विनोदी कथा सांगताना लोक हसले नाहीत तर ते लपवायला जागाच नसते. आज ‘कथाकथन’ म्हणून कागदावरून मान न उचलता वीस मिनिटं वाचणारे मी पाहिलेत. समोरचे झोपलेत हे त्यांना शेवटच्या ओळीनंतर कळतं, तेही निवेदकाच्या टाळीने कुणी दचकून जागं झालं तर.

आपल्याकडे उपाय शोधायला लांब जायला नको, हे मला फार लागतं. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच रिक्षात बसतात. उर्दूत ‘इस्लाह’ची रीत आहे: शागिर्दाने शेर उस्तादाला दाखवायचा, उस्तादाने शब्द बदलून द्यायचा किंवा सरळ फाडून टाकायला सांगायचं, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. ‘तरही’ मुशायऱ्यात एक मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, सगळ्यांना दिलेला असतो. त्याच वजनावर सगळ्यांनी लिहायचं, म्हणजे कोण किती पाण्यात आहे ते मैफलीत बसलेल्या प्रत्येकाला दिसतं. सुरेश भटांनी मराठीत हेच करून पाहिलं. ‘गझलेची बाराखडी’ छापून नव्या मुलांना पाठवत राहिले, चुका दाखवत राहिले. आणि आपण? एका सभागृहात एका रविवारी मुशायरा होतो, पुढच्या रविवारी मराठी कविसंमेलन, आणि दोन्हीकडे सामाईक असा एक श्रोता सापडत नाही. तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत सहज वावरणारे लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारखे लेखक या शहराने पाहिले. ‘एका साळियाने’ हे आत्मचरित्र लिहिणारा तो माणूस साळ्याचं माप आणि कवितेचं माप दोन्ही ओळखत होता. तसा दुवा आता कुठल्या मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे? यादीत आडनावं चालवून बघा.

पैशाचंही बोलून घेऊ, कारण त्यावरून आरोळ्या फार होतात. ‘प्रातिनिधिक संग्रहा’त दोन पानांसाठी सहभागशुल्क, संमेलनाला नोंदणीशुल्क, पुरस्काराला प्रवेशिकाशुल्क, हे सगळं लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. सभागृहाचं भाडं, मंडप, जेवण हे कुणीतरी भरायचंच. राजे गेले, गिरण्याही गेल्या. पण ज्याने पैसे भरले त्याला ‘तुमची कविता नाही घेतली’ असं सांगणार कोण? आणि वर पुन्हा मोबाईलवरच्या गटात सकाळी टाकलेल्या कवितेला दुपारपर्यंत तीस अंगठे येतात, त्यांतल्या किती जणांनी ती उघडली होती? अंगठा हा पूर्वी निरक्षर माणूस उठवायचा. आता न वाचता उठवतात.

मग मंडळं बंद करायची? मुळीच नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम. आयुष्यात कधी ओळ लिहिली नाही. नव्या पेठेतला कार्यक्रम असो की वाचनालयातला, तिसऱ्या रांगेत कडेला बसायचे आणि संपल्यावर कवीला गाठायचे. ‘सर, ते दुसरं कडवं काढून टाका की. पहिल्यातच कळालंय सगळं, उगं कशाला परत सांगायलाव?’ पुष्कळ जण त्यांना टाळायचे. ज्यांनी टाळलं नाही त्यांच्या कवितेत फरक पडलेला मला दिसलाय. प्रत्येक मंडळाला असा एक माणूस लागतो, आणि तो आपोआप येत नाही. त्याला बोलवावं लागतं, खुर्ची द्यावी लागते, आणि तो बोलला की राग गिळावा लागतो.

म्हणून पुढच्या संमेलनाच्या संयोजकांना माझी सूचना अगदी कामापुरती आहे. चाळीसऐवजी दहा कवी बोलवा. प्रत्येकाला तीन मिनिटांऐवजी पंधरा द्या. शाली-नारळ एक वर्ष राहू द्या. त्या पैशात पूर्व भागातून, विडी कारखान्यातून, उर्दू शाळेतून, अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतून न लिहिणारी पन्नास माणसं आणायची सोय करा आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवा, कवींना मागे. लोक येणार नाहीत म्हणता? याच जिल्ह्यात लोक फरशीवर मांडी घालून दोन-दोन तास कीर्तन ऐकतात, मोडनिंबला लावणी ऐकायला वाकडी वाट करतात. त्यांना ऐकायचा कंटाळा नाही, आपल्या ऐकवण्यात काहीतरी खोट आहे. पहिल्या वर्षी पन्नासांतले वीसच येतील, येऊ द्या. कविता झाली की टाळ्यांच्या आधी माईक त्यांच्याकडे न्या. आणि त्यांतलं कुणी मधूनच उठून चाललं, तर निवेदकाने धावत जाऊन दारात गाठावं आणि विचारावं: मावशी, कुठल्या ओळीला उठलात?